यंत्र जुने, पाणी तेच : घाटाखालच्या वीजघरांची दुरुस्ती आणि आपले दुबार पीक



अंधेरीत कोणी दिव्याचे बटण दाबतो, बोरिवलीत कोणी पंखा लावतो, मुलुंड-घाटकोपरच्या इमारतीत गच्चीवर पाणी चढवायचा पंप सुरू होतो. त्या विजेत थोडा वाटा सह्याद्रीच्या घाटावरून उतरलेल्या पाण्याचा असतो. पण हे पाणी वीज देऊन संपत नाही. यंत्रातून बाहेर पडले की ते पाताळगंगेला, उल्हास नदीला नाहीतर कुंडलिकेला मिळते आणि तिथून कुणाच्या नळाला, कुणाच्या कारखान्याला, तर कुणाच्या बांधाला लागते. उपनगरातला दिवा आणि कर्जत, रोहा, माणगावचे उन्हाळी भात हे दोन्ही एकाच पाण्यावर जगतात.

हे सांगायचे कारण असे की ही वीजघरे आता म्हातारी झाली आहेत. जुने यंत्र म्हटले की दुरुस्ती आलीच. दुरुस्ती म्हटली की यंत्र बंद आले, आणि यंत्र बंद म्हणजे खालचे पाणी कमी किंवा बंद. दुरुस्ती नको असे कुणीच म्हणणार नाही. प्रश्न एवढाच आहे की ती कधी करायची आणि ठरवताना खालच्या गावाला विचारायचे की नाही. आज त्याचाच विचार करू.

शंभरी ओलांडलेली वीजघरे

मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या धुराऐवजी घाटावरच्या पावसाची वीज द्यावी, हे जमशेटजी टाटा यांचे स्वप्न. ते १९०४ साली वारले. पुढे १९१० साली कंपनी उभी राहिली आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी नळांतून घाट उतरून खोपोलीला येते. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. त्याला पाणी मावळातल्या ठोकळवाडी धरणाचे. १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर भिरा येथील वीजघर आले.

मुळशीचे नाव निघाले की मावळ्यांचा सत्याग्रह आठवलाच पाहिजे. १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने धरणाविरुद्ध लढा झाला. लोकांची भातखाचरे पाण्याखाली गेली, ती कायमची. मुंबईच्या दिव्यासाठी कुणी काय दिले, हे दुरुस्तीचा हिशेब मांडतानाही विसरून चालणार नाही.

आज खोपोली ७२ मेगावॅट, भिवपुरी ७५ आणि भिरा ३०० मेगावॅट अशी मिळून ४४७ मेगावॅटची क्षमता आहे. भिऱ्यातले १५० मेगावॅट हे नंतर बसवलेल्या उदंचन संचाचे, म्हणजे पाणी पुन्हा वर चढवू शकणाऱ्या यंत्राचे. जागा तीच आणि पाण्याची वाट तीच, पण आतली यंत्रे वेळोवेळी बदलत गेली. आपल्या घरी जसे जोते आजोबांचे असते, वासे वडिलांनी बदललेले असतात आणि पत्रे आपण टाकलेले असतात, तसेच हे.

मुंबईची कमाल मागणी आता ४ हजार मेगावॅटच्या वर जाते. त्यापुढे ४४७ मेगावॅट म्हणजे दहावा हिस्सा. मग एवढ्यासाठी जुनी वीजघरे कशाला जपायची? याचे उत्तर १२ ऑक्टोबर २०२० रोजी मिळाले. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि उपनगरांची वीज गेली. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा वेळी कोळशाचे केंद्र बंद पडले तर ते पुन्हा पेटवायला तास लागतात, आणि सुरू करायलाही बाहेरची वीज लागते. पाण्याचे यंत्र मात्र झडप उघडली की काही मिनिटांत फिरू लागते. त्या दिवशी पुरवठा परत आणताना ट्रॉम्बेच्या संचांबरोबर घाटाखालच्या जलविद्युत संचांनाही कामाला लावले गेले. म्हणून ही वीजघरे टिकली पाहिजेत, याबद्दल दुमत नाही.

म्हातारपण कुठे कुठे दिसते?

तुमच्या विहिरीवरच्या पंपाचे उदाहरण घ्या. पंखा झिजला की मोटार तेवढीच वीज खाते, पण पाणी कमी फेकते. वीजघरात हेच उलटे होते. पाणी तेवढेच येते, पण वीज कमी निघते.

खोपोलीसारख्या ठिकाणी पाणी सुमारे पाचशे मीटर उंचीवरून नळातून येते आणि बारीक तोटीतून जोराने चाकावर आदळते. चाकाच्या कडेला वाट्या असतात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यातली बारीक रेती या वाट्या आणि तोट्या घासून काढते. वाटीला खड्डे आणि चिरा पडतात. मग चाक थरथरते आणि ती थरथर बेअरिंगपर्यंत, पायापर्यंत पोचते.

दुसरी जागा म्हणजे डोंगरावरून उतरणारे पोलादी नळ. आतून पाणी, बाहेरून कोकणचा पाऊस. गंज चढतो आणि पत्रा पातळ होतो. तो कुठे किती उरला हे ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजावे लागते. डोळ्यांनी बघून आणि वरून रंग मारून भागत नाही.

तिसरी जागा जनित्राच्या तांब्याच्या गुंडाळ्या. त्यांच्यावरचे आवरण उष्णतेने कडक होऊन तडकते. चौथी म्हणजे पाणी कमी-जास्त करणारे नियंत्रक आणि मोठ्या झडपा. पाचवी म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि त्याचे तेल. सहावी जागा मात्र बहुतेक जण विसरतात. ती म्हणजे धरणाचे दरवाजे, बोगदे आणि पाणी आणणारे पाट. यंत्र नवे बसवले आणि दरवाजाला पाझर तसाच ठेवला, तर फुटक्या रांजणाला नवी तोटी लावल्यासारखे होईल.

सर्वसाधारणपणे जलविद्युत केंद्राच्या यंत्रांचे आयुष्य ३५ ते ४० वर्षे धरतात. धरणाचे दगडी बांधकाम त्याहून पुष्कळ टिकते. म्हणून शहाणपणाचा रस्ता असा की आधी प्रत्येक भागाचे उरलेले आयुष्य तपासायचे, आणि मग कशाची नुसती दुरुस्ती, काय बदलायचे, कुठे क्षमता वाढवायची हे ठरवायचे.

एका टक्क्याचा हिशेब

यात फायदा किती, हे साध्या गणिताने पाहू. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आले तर त्यात सुमारे १.३६ युनिट विजेएवढी ताकद असते. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. त्यात झाले सुमारे ३ कोटी ८६ लाख युनिट. यंत्र शंभर टक्के काही देत नाही. पण झिजलेली वाटी बदलून कार्यक्षमता नुसती एक टक्का वाढली, तर दर टीएमसीमागे ३ लाख ८६ हजार युनिट जादा मिळतात. त्यासाठी पाण्याचा एक थेंबही जास्त लागत नाही.

कृष्णा पाणी तंटा लवादाने भीमा खोऱ्यातून टाटांच्या या कामांसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला मर्यादा घातली आहे. कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसी, आणि लागोपाठच्या पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. म्हणजे सरासरी वर्षाला ४२.४ टीएमसी. पूर्ण वापर धरला तर एका टक्क्याची वर्षाची किंमत दीड कोटी युनिटांच्या वर जाते. म्हणून कंपनीला दुरुस्ती परवडते, आणि देशालाही ती हवी आहे.

धोका टाळला नाही तर

दुरुस्ती लांबवली की काय होते, ते रशियात दिसले. १७ ऑगस्ट २००९ रोजी सायानो-शुशेन्स्काया या प्रचंड वीजघरातल्या एका यंत्राचे झाकण बोल्ट तुटून उडाले. पाणी आत घुसले आणि ७५ माणसे गेली. बोल्ट वर्षानुवर्षांच्या थरथरीने झिजत आले होते, आणि थरथर मोजमापात दिसत असूनही यंत्र चालूच ठेवले होते. आपल्या शेजारी तेलंगणात श्रीशैलमच्या डाव्या काठावरच्या भूमिगत वीजघरात ऑगस्ट २०२० मध्ये आग लागली आणि ९ जण दगावले. तेव्हा यंत्र बंद ठेवायला नाखूश असणारा माणूस फक्त पैशाचाच हिशेब चुकवत नाही, हे ध्यानात असू द्या. 'आमचे पाणी अडवू नका, यंत्र चालूच ठेवा' अशी मागणी आपणही डोळे मिटून करू नये.

गाठ बसते ती वेळापत्रकात

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. यंत्र उघडायला वीजघराला सोयीचा काळ कोणता? पावसाळ्यात तलाव भरतात आणि पाणी सांडव्यावरून वाया जाऊ नये म्हणून यंत्रे पळवावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईत उकाडा असतो, मागणी शिगेला जाते आणि सगळी यंत्रे लागतात. मागणी उतरते ती थंडीत. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ दुरुस्तीला सोयीचा.

आणि आपले काय? उन्हाळी भाताची रोपवाटिका डिसेंबरात टाकायची, लावणी जानेवारीत. नेमके त्याच वेळी पाणी हवे. वीजघराची सोय आणि शेतकऱ्याची गरज एकाच महिन्यात समोरासमोर येतात. यात कुणाची लबाडी नाही. दोन कॅलेंडरे वेगवेगळ्या भिंतींवर टांगली आहेत आणि कुणी ती शेजारी ठेवून बघत नाही, एवढेच.

कर्जत तालुक्यात भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर राजनाला चालतो आणि त्याच्यावर दुबार भात होते. पुढे तेच पाणी उल्हास नदीतून बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणच्या पाणीयोजनांना कामी येते. भिऱ्याचे पाणी कुंडलिकेत येते. डोलवहाळ बंधाऱ्यावरून ते कालव्यांनी रोहा-माणगावच्या शेतात जाते. कोलाडला जे रबरी होड्यांत बसून नदीत उतरतात, त्यांचीही सकाळ भिऱ्याचे पाणी सुटण्यावर अवलंबून असते. खोपोलीचे पाणी पाताळगंगेकाठच्या कारखान्यांना आणि पाणीयोजनांना लागते.

कोयनेचेही तसेच. कोयनेच्या पहिल्या टप्प्याची यंत्रे १९६२ पासून फिरू लागली. पश्चिमेला सोडलेले ते पाणी चिपळूणजवळ वाशिष्ठीला मिळते. आणि उपनगरवाल्यांना सांगायचे तर वैतरणेचे ६० मेगावॅटचे सरकारी वीजघरही १९७० च्या दशकातले आहे. ऊर्ध्व वैतरणेचे पाणी तिथे वीज देऊन पुढे मोडकसागरात येते, आणि मोडकसागराचे पाणी मुंबईच्या नळाला. तेव्हा जुन्या वीजघराची दुरुस्ती हा फक्त खेड्यातल्या माणसाचा प्रश्न आहे, असे अंधेरी-बोरिवलीकरांनीही समजू नये.

एक जुना अनुभव

माझी पहिली नेमणूक कोकणाबाहेर होती. कोणता तालुका, कोणते केंद्र, ते लिहीत नाही. धरणाच्या पायथ्याशी वीजघर आणि त्यातून सुटलेल्या पाण्यावर कालवा. रब्बीचे दिवस. आवर्तन ठरल्याप्रमाणे येणार असे धरून मीच गावात सभा घेतली. 'गहू पेरा, पहिले पाणी अठरा ते एकवीस दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना द्या, ते चुकवू नका,' असे सांगितले. लोकांनी ऐकले.

एकविसावा दिवस आला आणि कालवा कोरडा. चौकशी केली तर वीजघराची मोठी झडप दुरुस्तीला काढलेली, आणि बाजूने पाणी सोडायचे जे दार होते ते कित्येक वर्षांत उघडलेच नव्हते. ते गंजून बसले होते. काम लांबले. पाणी आले तेव्हा गव्हाला चाळीस दिवस होऊन गेले होते. फुटवा गेला तो गेलाच.

एक आबा मला बांधावर भेटले. रागावले नाहीत, तेच जास्त लागले. म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलं तवा पेरलं. बंद हाय म्हनून आधी कळलं असतं तर हरभरा टाकला असता. हरभरा दवावर बी येतो."

नंतर कळले की दुरुस्तीचे पत्र निघाले होते. ते एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिले आणि ग्रामपंचायतीत पोचले ते काम सुरू झाल्यावर. चूक एकाची म्हणता येत नाही. मीही वीजघरात फोन करून विचारले नव्हते. कृषी खात्याचा माणूस वीजघरात कशाला जाईल, असे मला वाटे. तेव्हापासून हंगामाची सभा घेण्याआधी मी पाणी सोडणाऱ्याला विचारतो.

दुरुस्ती कशी करावी, म्हणजे सगळ्यांचे भागेल?

पहिली गोष्ट, सगळी यंत्रे एकदम उघडू नयेत. जिथे तीन-चार किंवा सहा संच आहेत तिथे एक संच दुरुस्तीला आणि बाकीचे चालू, असे ठेवता येते. मग पाणी कमी होईल, पण बंद होणार नाही. आठ दिवसांचे आवर्तन बारा दिवसांनी मिळाले तर शेतकरी सांभाळून घेतो. अजिबात नाही मिळाले तर मरतो.

दुसरी गोष्ट, यंत्र उघडण्याआधी सुटे भाग हातात हवेत. मोठे चाक किंवा जनित्राची गुंडाळी मागवली की तयार होऊन यायला वर्ष-दीड वर्ष जाऊ शकते. यंत्र मोकळे करून मग सामानाची ऑर्डर दिली तर दोन महिन्यांचे काम वर्षावर जाते. घराचे कौल उतरवून मग कुंभाराकडे जाण्यासारखेच ते.

तिसरी गोष्ट, बाजूने पाणी सोडायचा मार्ग चालू स्थितीत हवा. जिथे एकच यंत्र आहे तिथे तर ही पहिली अट. पाचशे मीटरवरून येणारे पाणी नुसते दार उघडून सोडता येत नाही. त्याचा जोर मोडणारी खास झडप लागते. ती आहे का, असली तर शेवटची कधी चालवली, हा प्रश्न काम सुरू होण्याच्या सहा महिने आधी विचारला पाहिजे.

चौथी गोष्ट, सामाईक भागांचे काम वेगळे धरावे. धरणाचे दार, मुख्य बोगदा किंवा एकच मोठा नळ यांच्या दुरुस्तीला सगळेच बंद करावे लागते. अशी कामे एकत्र करून पीक निघाल्यावर आणि पाऊस लागण्याआधी, म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत, आटोपता येतात का ते पाहावे. तेव्हा विजेची मागणी जास्त असते हे खरे. तरी दहा-पंधरा दिवसांचे नुकसान वीजघराने सोसायचे की अख्खा हंगाम शेतकऱ्याने, याचा हिशेब समोरासमोर बसून व्हावा. नदीकाठच्या पाणीयोजनांची सोय त्यात आधी लावली पाहिजे.

पाचवी गोष्ट, गाळ आणि तेल. तलाव किंवा पाट साफ करताना गाळ एकदम नदीत सोडला तर मासे मरतात आणि जॅकवेल बुजते. जुने ट्रान्सफॉर्मरचे तेल ओढ्यात किंवा शेताच्या कडेला जाता कामा नये. विल्हेवाट कुठे लावणार, ते ठेकेदाराने लेखी द्यावे.

नव्या यंत्राबरोबर नवा प्रश्न

जुनी केंद्रे नुसती दुरुस्त होणार नाहीत, तर त्यांच्या शेजारी नवीही येत आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य शासन आणि टाटा पॉवर यांच्यात २,८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा करार झाला. त्यात शिरवता १,८०० आणि भिवपुरी १,००० मेगावॅट. दिवसा सूर्याची वीज स्वस्त असते, तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे. संध्याकाळी मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची.

गावात लगेच बोलले जाते की "आता आपले पाणी वरच नेणार." शांतपणे समजून घेऊ. या पद्धतीत तेच तेच पाणी वर-खाली फिरते. खर्च होते ते बाष्पीभवनाचे आणि सुरुवातीला तलाव भरायचे. पण एक गोष्ट खरी आहे. नदीला पाणी केव्हा आणि किती सुटेल, याची घडी बदलू शकते. म्हणून मागणी अशी करावी की खालच्या नदीला महिनावार कमीत कमी किती पाणी मिळेल, हे आकड्यात लिहून द्या. 'परिणाम होणार नाही' एवढ्या तोंडी आश्वासनावर हंगाम उभा राहत नाही.

घाटावरच्या शेतकऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. भीमा खोऱ्यातले पाणी पश्चिमेला न वळवता उजनीकडे, सोलापूरकडे द्यावे ही मागणी दर दुष्काळात पुढे येते. ती वावगी आहे असे मी म्हणणार नाही. एखाद्या यंत्राला पुढच्या ३५-४० वर्षांचे आयुष्य दिले की त्या पाण्याची वाटही तेवढ्या काळासाठी पक्की होत जाते. म्हणून मोठ्या नूतनीकरणाचा निर्णय हा फक्त अभियंत्यांचा उरत नाही. घाटावरचा, घाटाखालचा आणि मुंबईचा, तिघांचाही त्यात हिस्सा आहे. तो उघडपणे, आकडे समोर ठेवून व्हावा.

सरपंच, ग्रामसेवक आणि शेतकऱ्यांनी काय करावे?

१) सप्टेंबरमध्येच जलसंपदा विभागाला ग्रामपंचायतीचे पत्र द्या : येत्या हंगामात वीजघराची कोणती दुरुस्ती आहे, किती दिवस, किती संच बंद? पोच घ्या. केंद्र खासगी असले तरी पाणी सोडण्याची माहिती शासनाकडे असते. ती माहितीच्या अधिकारातही मागता येते.

२) कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दुरुस्तीचे वेळापत्रक हा विषय घ्यायला लावा. पाणी वापर संस्था असेल तर तिचा ठराव जोडा. आवर्तनाच्या तारखा आणि बंदच्या तारखा एकाच कागदावर आल्या पाहिजेत.

३) पाणी मागणीचा नमुना ७ अर्ज वेळेत भरा. मागणीच नोंदलेली नसेल तर 'खाली शेती आहे' हे कागदावर कुठे दिसणार?

४) बंदच्या तारखा चावडीवर लावा, दवंडी द्या, गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका. पत्र दप्तरी लावून काम झाले असे समजू नका.

५) पाणी पंधरा दिवस उशिरा येणार असेल तर रोपवाटिकाही मागे न्या आणि लवकर तयार होणारी जात घ्या. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारा, बियाणे आधी बोलून ठेवा. जानेवारीत पाणी नाहीच असे कळले तर भाताचा हट्ट सोडा. खाचरातली ओल आहे तोवर वाल, हरभरा, मूग, चवळी टाका. विहीर असेल त्याने थोड्या जागेत कलिंगड, भेंडी करावी.

६) लावणी झाल्यावर बंद होणार असेल तर पोटरी आणि फुलोऱ्याच्या दिवसांत पाणी हवेच, हे तारखांसह कळवा. फुटव्याच्या वेळी थोडी ओढ चालते, फुलोऱ्यात चालत नाही.

७) यंत्राची चाचणी घेताना पाणी अचानक वाढते. गुरे, धुणे धुणाऱ्या बाया आणि पोहायला गेलेली पोरे नदीत असतात. भोंगा कधी, किती वेळ, कुठपर्यंत ऐकू येतो हे तपासा. धरण सुरक्षा कायदा, २०२१ प्रमाणे धरणमालकाने आपत्कालीन कृती आराखडा करायचा असतो. त्यात आपल्या गावाचे नाव आणि चालू फोन नंबर आहेत ना, ते तहसील कार्यालयात जाऊन पाहा.

८) बंदमुळे पीक गेले तर लगेच तलाठी आणि कृषी खात्याकडून पाहणी करून पंचनामा मागा. महिन्याने गेल्यास शेतात दाखवायला काही उरत नाही.

शेवटी एवढेच

वीजघराचे अभियंते आपले शत्रू नाहीत. त्यांना यंत्र सांभाळायचे आहे, आपल्याला पीक. दोघांनाही पाऊस तोच आणि पाणी तेच. शंभर वर्षांपूर्वी ही कामे झाली तेव्हा खालच्या गावाला कुणी विचारले नाही आणि वरच्या गावाचे कुणी ऐकले नाही. यंत्रे पुन्हा नवी होत असताना ही पद्धतही बदलायला हवी.

पण ती आपोआप बदलणार नाही. नाला कोरडा पडल्यावर रस्ता अडवायला शंभर माणसे जमतात. सप्टेंबरात एक अर्ज घेऊन जायला दोन जण मिळत नाहीत. तहान लागल्यावर विहीर खणायची ही सवय सोडू या. यंदा भाताची कापणी झाली की खळे करण्याआधी एकदा ग्रामपंचायतीत जा आणि विचारा : वरचे यंत्र केव्हा उघडणार आहे? उत्तर मिळाले तर त्याप्रमाणे पेरा. नाही मिळाले तर मिळेपर्यंत विचारत राहा. मग मलाही तुम्हाला 'पेरा' म्हणून सांगताना भीती वाटणार नाही.

(लेखक कृषी विस्तार अधिकारी आहेत.)